‘डोकं दुखतंय’ म्हणालीस, तिथून सुरुवात करू

पत्र थोडक्यात असं:

‘मावशी, मी कोल्हापुरात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. गाव पन्हाळ्याच्या बाजूला, घर ख्रिस्ती. रविवारची उपासना, जेवणाआधी प्रार्थना हे लहानपणापासूनचं. इथं आल्यावर मी कुणाला काही सांगितलं नाही, आडनावावरून कुणाला कळतही नाही. एकदा मेसमध्ये सवयीनं डोळे मिटले, तर रूममेट म्हणाली, “काय गं, झोप आली काय?” मी म्हणाले, “डोकं दुखतंय.” त्या दिवसापासून जेवणाआधीची प्रार्थनाच बंद केली. पुढे चर्चला जाताना मैत्रिणींनी बघितलं आणि कळलं. बहुतेकींनी काही म्हटलं नाही, पण वर्गातला एक मुलगा “राईस बॅग”, म्हणजे तांदळापायी बाटलेली, म्हणून चिडवतो. क्लासच्या ग्रुपवर धर्मांतराचा व्हिडिओ टाकून त्यानं मला टॅग केलं. आमच्याच चर्चमधला एक मुलगा याच कॉलेजात आहे, तो ओळखही दाखवत नाही. आणि चर्चच्या तरुण संघाचे दादा म्हणतात, “रोज त्यांच्यात राहतेस आणि एकीलाही सुवार्ता सांगत नाहीस, त्यांच्या रक्ताचा हिशेब तुझ्याकडे मागितला जाईल.” तेव्हापासून मला रात्री झोप लागत नाही. नवरात्रात सगळ्याजणी अंबाबाईला निघाल्यात, मलाही बोलावलंय. मी पेत्रासारखी नाकारणारी आहे का? बोलायचं तर कुठून बोलू?’

पोरी,

तुझं पत्र सकाळी वाचलं आणि दिवसभर ते ‘डोकं दुखतंय’ मनातून गेलं नाही. त्या मुलाचं चिडवणं, ग्रुपवरचा व्हिडिओ, दादांचा धाक हे सगळं दुसऱ्यांनी केलेलं आहे. ही एकच गोष्ट तू केलीस, आणि मला वाटतं तुला टोचतेय तीही हीच.

पेत्राचं नाव काढलंसच, तर ती गोष्ट पुन्हा सावकाश वाच. थंडीची रात्र, महायाजकाचा वाडा, अंगणात शेकोटी. येशूला आत धरून आणलंय, आणि त्याचा शिष्य पेत्र बाहेर शेकायला बसलाय. ‘तूही त्याच्याबरोबरचाच ना?’ हा पहिला प्रश्न त्याला विचारणारी कोण, तर वाड्यातली एक दासी. ना हातात तलवार, ना अधिकार. नंतर बाकीचे म्हणाले, तुझ्या बोलीवरूनच कळतंय तू कुठला ते. त्या क्षणी पेत्राला काय हवं होतं, तर चारचौघांत बसून शेकायला मिळावं आणि आपण वेगळे पडू नये. मेसच्या टेबलावर तुलाही तेच हवं होतं. परगावी आलेल्या पोरीला ही ऊब किती लागते, ते मला ठाऊक आहे.

पेत्रानं तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं आणि कोंबडा आरवला, पण ती गोष्ट तिथं संपत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुन्हा एक विस्तव आहे, समुद्रकाठी, कोळशांचा. त्यावर मासे भाजताहेत, बाजूला भाकर आहे. रात्रभर जाळं टाकून दमलेल्या पेत्राला येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. खाणं झाल्यावर मग विचारतो. नाकारलंस का, असा प्रश्नच नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ एवढंच, तीनदा. तुला दादांनी पहिल्या शेकोटीपाशीच बसवून ठेवलंय. तू तिथून ऊठ.

आता त्या रक्ताच्या हिशेबाबद्दल. पहारेकऱ्यानं इशारा दिला नाही तर मेलेल्यांच्या रक्ताचा हिशेब त्याच्याकडे मागितला जाईल, हे बायबलातल्या यहेज्केलाच्या पुस्तकातलं वचन संदेष्ट्याला सांगितलेलं आहे, त्याच्या स्वतःच्या लोकांविषयी, नगरावर तलवार चालून येत असतानाचं. ते उचलून एकोणीस वर्षांच्या मुलीच्या गळ्यात धोंड म्हणून बांधायचं, हे मला मान्य नाही. दादांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण भीतीनं बोलायला लागलेला माणूस समोरच्याला बघतच नाही, त्याला फक्त स्वतःची सुटका दिसते. हे मी पुस्तकातून सांगत नाही, मी स्वतः केलेलं आहे.

१९७४ साली मी कोल्हापूरला शिकायला आले. खोलीत आम्ही तिघी. एक कागलकडची, तिच्याशी माझं चांगलं जमायचं. दिवाळीच्या सुट्टीत तिचे वडील गेले. सुट्टी संपून ती परत आली तेव्हा हातातल्या पिशवीत फक्त दोन साड्या आणि वडिलांचं घड्याळ होतं. घड्याळ तिच्या मनगटाला ढिलं व्हायचं, सारखं कोपराकडे सरकायचं. मला आमच्या सभेत शिकवलेलं होतं की दुःखात माणसाचं मन मऊ असतं, तेव्हाच पेरावं. मी तिच्या उशीखाली एक पुस्तिका ठेवली. वर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, मरणानंतर तुम्ही कुठे जाणार? तीन दिवसांनी तिनं ती माझ्या टेबलावर आणून ठेवली, कोपरा नीट दाबून, आणि म्हणाली, ‘हे आत्ता नको होतं गं.’

त्यानंतर कितीतरी महिने एका खोलीत राहून आम्ही कामापुरतं बोललो. तुझे वडील कसे होते गं, एवढा साधा प्रश्न मी तिला विचारला नव्हता. फेब्रुवारीत तिला ताप आला. मी डॉक्टरकडे नेलं, स्टोव्हवर पेज करून दिली, तिच्या वह्या उतरवून काढल्या. त्यात काही मोठेपणा नव्हता, खोलीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. एका रात्री अंधारातच तिनं विचारलं, ‘तू रोज झोपताना डोळं मिटून काय म्हणतीस?’ मी म्हणाले, ‘तुझ्या आईचं नाव घेते. ती आता घरी एकटी असते ना.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं वडिलांबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि पहाटे केव्हातरी मला विचारलं की तुमचा येशू मेलेल्या मित्राच्या थडग्यापाशी रडला होता म्हणतात, ते खरं का? तिनं कुठे ऐकलं होतं कोण जाणे. मी त्या मित्राची, लाजराची गोष्ट सांगितली. एकही वचन पाठ म्हणून न दाखवता, आपल्या गावात घडल्यासारखी.

ती आजही दर चैत्रात जोतिबाला जाते. होळीला तिच्याकडून मला पुरणपोळी येते, नाताळात माझ्याकडून तिला करंज्या. म्हणून माझी साक्ष फुकट गेली असं मला कधी वाटलं नाही. साक्षीदारानं पाहिलं तेवढं सांगायचं असतं, निकाल त्याच्या हातात नसतो.

तेव्हा ‘कुठून बोलू’ याला माझं पहिलं उत्तर हे की, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दे. पेत्रानंच पुढे आपल्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणानं. त्या वाक्यात विचारणारा माणूस आधी आहे, हे आपण विसरतो. तुला तर मेसमध्ये विचारलंच होतं. ‘झोप आली काय’ हाही प्रश्नच आहे. होस्टेलवर असे प्रश्न रोज येतात. रविवारी सकाळी आवरून कुठे चाललीस? नाताळला तुमच्यात काय करतात? मेरी तुमची देवी काय गं? पहिल्या प्रश्नाला ‘जरा बाहेर जाऊन येते’ म्हणण्याऐवजी ‘चर्चला जाऊन येते, साडेअकरापर्यंत येईन, तुला काही आणायचंय का?’ म्हण. इतकं साधं ठेव. लपवलेली गोष्ट दुसऱ्याकडून कळली की लोकांना तिच्यात काहीतरी काळंबेरं वाटतं. तीच तू हसून सांगितलीस तर ती तुझ्या घरची गोष्ट होते.

दुसरं, घरच्या मराठीत बोल. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण आपली अर्धी गाडी इथंच अडते. चर्चमध्ये वाढलेल्या पोरांना कळतच नाही की आपण एक वेगळी भाषा बोलतोय. ‘तारण’ म्हटलंस तर तुझ्या रूममेटला बँकेतलं सोनं तारण आठवेल. ‘अभिषेक’ म्हटलंस तर तिला देवळातला दूध-दह्याचा अभिषेक दिसेल. ‘प्रभूनं मला भार दिला’ म्हटलंस तर ती विचारेल, कसला भार? आणि हल्ली मोबाईलवर ऐकलेल्या हिंदी-इंग्रजी प्रवचनांचा तो चढा सूर आपल्या पोरांच्या तोंडी आला की मला फार वाईट वाटतं. ही आपली रीत कधीच नव्हती. फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते ओवीत, कारण इथल्या माणसांच्या कानाला ओवी सवयीची होती. नारायण वामन टिळकांनी येशूवर अभंग लिहिले, ते आपण आजही उपासनेत गातो. तुझ्याजवळ तर तुझ्या आजीची भाषा आहे. देवाबद्दल बोलताना ती कोणते शब्द वापरते, ते या सुट्टीत कान देऊन ऐक.

टिळकांचं नाव निघालं म्हणून सांगते. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या बाई, नवऱ्यापासून काही वर्षं वेगळ्या राहिल्या. टिळकांसारखा शब्दप्रभू माणूस, पण बायकोला शब्दांनी पटवू शकला नाही. त्यांनी पत्रं लिहिली, वाट पाहिली. लक्ष्मीबाईंचं मन बदललं ते त्यांच्या स्वतःच्या चालीनं, त्यांच्या स्वतःच्या विचारानं. आणि पुढे त्यांनी ते सगळं लिहिलं ते इतकं मोकळं, की मराठी माणूस धर्म विसरून ते वाचतो. घरच्या माणसाला एवढा वेळ लागू शकतो, तर होस्टेलच्या मैत्रिणीला तू एका सेमिस्टरची मुदत का द्यावीस? आणि द्यायचीच कशासाठी? मैत्री कर ती मैत्रीसाठी. ‘हिला सांगायचंय म्हणून हिच्याशी गोड बोलू’ हे माणसाला वासावरून कळतं.

नवरात्राचं म्हणशील, तर जा. मी जायची. महाद्वारापाशी मैत्रिणींच्या चपला सांभाळत थांबायची. सात-आठ जोड, पायाशी मांडून ठेवलेले, आणि समोरून माणसांचा लोंढा चाललेला. त्यांचं दर्शन होईपर्यंत तास-दीड तास जायचा. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही आणि माझ्या श्रद्धेला धक्काही लागला नाही. पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, ‘मी आत येत नाही, पण तुमच्याबरोबर येते.’ एक जण रुसली, बाकीच्यांना सोयच झाली. प्रसादाबद्दल आपल्याच लोकांत दोन मतं आहेत, आणि प्रेषित पौलाच्या, म्हणजे अगदी पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या काळापासून आहेत. करिंथच्या मंडळीत मूर्तीला दाखवलेलं अन्न खावं की नाही यावर वाद झाला, तेव्हा त्यानं प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाचा आणि दुबळ्या भावाचा विचार करायला सांगितलं. मी स्वतः खात नाही. पण ‘नको’ म्हणायच्याही तऱ्हा असतात. हात मागे ओढून चेहरा आक्रसलास तर तिच्या आईनं सकाळी आंघोळ करून केलेल्या शिऱ्याचा तो अपमान आहे. ‘मी प्रसाद खात नाही गं, पण माझ्यासाठी आठवणीनं आणलास, बरं वाटलं’ म्हण, आणि मग तिच्याबरोबर बसून मिसळ खा. तिच्या अंबाबाईबद्दल वाकडा शब्द तुझ्या तोंडून कधीही जाऊ देऊ नकोस. उलट विचार तिला, तू आत गेल्यावर काय मागतेस? ती सांगेल त्यात तिची आई असेल, भावाची नोकरी असेल, परीक्षा असेल. तू रात्री ज्यासाठी प्रार्थना करतेस, तेच.

चिडवणाऱ्या मुलाचं दुखणं जुनं आहे. आमच्या वेळी ‘राईस बॅग’ नव्हतं, ‘दूध पावडर’ होतं. एका प्राध्यापकांनी भर वर्गात म्हटलं होतं, ‘यांचे आजे-पणजे पिठासाठी बाटले.’ मी खाली मान घालून बसले, आणि आज पन्नास वर्षांनी ती मान खाली का घातली याचं मला दुःख आहे. आज मी उभी राहून एवढंच म्हणेन की, माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, आणि कुणीतरी त्यांना शेजारी बसवून अक्षर शिकवलं. त्यांनी काय निवडलं ते त्यांनी निवडलं, आणि मी काय मानते ते मी मानते. दुष्काळात भुकेल्याला भाकरी देणं किंवा ती घेणं, यात शरमेचं काही नाही. तूही त्या मुलाला एकदा, एकट्याला गाठून, शांतपणे सांग की हा शब्द मला लागतो, तो वापरू नकोस. ग्रुपवर वाद घालू नकोस. तिथं कुणी कुणाचं ऐकत नाही, फक्त स्क्रीनशॉट फिरतात. त्यानंतरही थांबला नाही तर स्क्रीनशॉट तू ठेव आणि रेक्टरकडे किंवा विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार दे. सहन करत राहणं म्हणजे क्षमा, असा घोळ करू नकोस.

कायद्याचंही माहीत असू दे. राज्यघटनेच्या कलम २५ नं प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलेला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे आपली श्रद्धा बोलून दाखवायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. पण आमिष, दबाव, फसवून नेणं याच्या जवळपासही फिरकायचं नाही. ‘फिरायला जाऊ’ सांगून कुणाला सभेला नेलंस, तर कायदा राहू दे, तू मैत्रिणीशी खोटं बोललीस.

तुझ्या चर्चमधल्या त्या मुलाला मात्र सोडून दे. त्याचं मौन कशामुळे आहे ते तुला माहीत नाही. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदूंना, आणि पुढच्या दुरुस्त्यांनी शीख आणि बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती माणसाला तो मिळत नाही. फी, शिष्यवृत्ती, वडिलांची नोकरी, कागदावरच्या धर्माच्या या एका ओळीपायी कित्येक घरांत रात्ररात्र बोलणी झालेली मी पाहिलीत. त्याच्या घरी तसं काही असेल किंवा नसेल, पण त्याची ओळख सांगणं हे तुझं काम नाही. चर्चमध्ये भेटला की मोकळं बोल. कॉलेजात त्याला हवं तेवढंच.

आणि या शहरात तू उपरी आहेस असं कुणी भासवलं तर मनावर घेऊ नकोस. शाहू महाराजांनी इथं जातीजातीच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी करवली, त्यात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही होतं. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, म्हणजे आपली मंडळी इथं पावणेदोनशे वर्षांची होत आली. न्यू शाहूपुरीतलं चर्च त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये या गावात जन्मला. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकताना तो आणि त्याची बहीण ग्रेस यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रार्थना धरली, आणि १८८६ च्या उन्हाळ्यात तिथल्याच माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनच्या कामासाठी आपली नावं दिली. दादा हे उदाहरण कधीतरी देतीलच. दिलं तर त्यांना आठवण कर की त्या पोरांनी आधी स्वतःला विचारलं होतं, मी काय देणार? दुसऱ्याकडून काय घ्यायचं, याचा हिशेब त्यात नव्हता. आणि दादांशी बोलायला एकटी जाऊ नकोस, पाळकबाईंना किंवा चर्चमधल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर घे. तुला रात्री झोप लागत नाही, हे त्यांना सांग. त्यांना ते माहीत नसेल.

आता मेस. तिथून सुरुवात कर, बाकीचं पुढे. उद्या रात्री ताट घेऊन बसलीस की नेहमीसारखे डोळे मीट, घरी मिटायचीस तेवढाच वेळ, जास्त नाही. दाखवायला नाही आणि लपवायलाही नाही. मग भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी रूममेटकडे बघून म्हण, ‘त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं गं. मी प्रार्थना करत होते. तुला खोटं सांगितलं.’ ती ‘हात्तिच्या, एवढंच व्हय’ म्हणेल, किंवा गप्प बसेल, किंवा विचारेल की काय म्हणतीस मग प्रार्थनेत. विचारलं तर सांग तिला, काय म्हणतेस ते.

तुझी मावशी